पंधरा आण्यांची गौर

“भीती कुठे वाटली? पोटात की मानेवर?” हा आमच्या घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. माणसं किती, भाडं परवडेल का, मासळी खाता की नाही, हे सगळं नंतर. आम्ही नवराबायको रत्नागिरीहून नवे आलेलो, भाईंदरच्या शाळेत मला नोकरी लागलेली. खोली बघायला म्हणून त्यांच्या पडवीत पाय ठेवला, तर समोरच्या फळीवर एका म्हाताऱ्याचं नुसतं मुंडकं. त्याने माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मी किंचाळले नाही, पण नवऱ्याचा दंड असा धरला की दोन दिवस तो माझ्या नखांच्या खुणा मिरवत होता. फळीखाली दोरी धरून बसलेले मालक मुंडक्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते आणि आनंदाने नुसते फुलले होते.

मानेवर, असं मी सांगितलं. त्यांनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून मागे पेन्सिलीने ते टिपून घेतलं आणि म्हणाले, खोली तुमची.

ही साठ सालानंतरची गोष्ट. आज जिथे पूनम सागर वसाहतीच्या इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी हे लिहितेय, तिकडे तेव्हा खाजण होतं, भरतीच्या पाण्याचा नुसता चिखल. मालकांची चार खोल्यांची चाळ भाईंदरला मिठागरांच्या वाटेवर. मालक मूळचे इथलेच, आगरी, पण उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या गिरणीत फिटर म्हणून गेली, त्यामुळे बोलणं शहरी झालेलं. त्यांची बायको, आमच्या काकू, घोडबंदर रस्त्यावरच्या चेणे गावच्या. त्या मात्र शेवटपर्यंत चेण्याचंच बोलल्या. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात ही दोघं आणि मागच्या खोलीत मालकांचा गोतावळा. कागदाच्या लगद्याची माणसं, शाडूचे हात, मेणाचे कान, शिवणयंत्राची चाकं, सायकलच्या साखळ्या. पहिल्यांदा आत डोकावले तेव्हा एका खोक्यात नुसते डोळे होते, पन्नास तरी असतील, आणि सगळे माझ्याकडे.

गणपतीत स्टेशनजवळच्या मांडवात हलता देखावा उभा करायचा मान मालकांचा. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, मान डोलवणारा नंदी, जात्यावर दळणाऱ्या जावाजावा. उत्तनपासून, काशीमिऱ्यापासून लोक चालत यायचे. लोक देखावा बघत आणि मालक देखाव्याकडे पाठ करून लोकांना बघत. दहा दिवसांत एकदाही मागे वळायचे नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “बाई, बाहुली काय करणार ते मला ठाऊक आहे. चाकं मीच बसवलीत. माणूस काय करतो ते बघण्यासारखं असतं.”

आणे सरकारने बंद केले होते, मालकांनी नाही. त्यांच्या मते जगातली प्रत्येक आकृती माणसाच्या किती जवळ गेली, ते आण्यांत सांगता यायचं. लाकडी घोडा दोन आणे. चिंध्यांची बाहुली पाच. देखाव्यातली पाणी शेंदणारी बाई आठ आणे. आठ आण्यांपर्यंत लोक हसतात, टाळ्या वाजवतात, पोरं तिच्याशी बोलतात. दहा आणे, बारा आणे, लोक अजून खूश. आणि मग कुठेतरी तेराव्या-चौदाव्या आण्याला गाडी उलटी फिरते. हसू जातं, अंगावर काटा येतो. सोळा आणे माणूस म्हणजे तुम्ही-आम्ही, ते देवाचं खातं. पण पंधरा आण्यांचं माणूस हे भुताहून वाईट, असं ते ठासून सांगायचे, आणि स्वतः मात्र सदा त्या पंधरा आण्यांच्याच मागे. गाडी नेमकी कुठे उलटते ते त्यांना हवं होतं. आणि मनातून, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, सोळा.

लढाई झाली त्या वर्षी त्यांनी जवान केला. मेणाचा चेहरा, मुंबईहून आणलेले काचेचे डोळे, दाढीची हिरवट झाक. तो मान वळवायचा, तुमच्यावर नजर ठेवायचा आणि सलाम करायचा. पहिल्या संध्याकाळी मांडवात इतकी शांतता की मोटरची घरघर ऐकू येत होती. बायकांनी पोरांच्या डोळ्यांवर पदर धरले आणि रांग भराभर पुढे सरकली. दुसरा कोणी असता तर खट्टू झाला असता. मालक नाचायचेच बाकी होते. “तेरा आणे, बाई. तेराव्याला उलटली.” सकाळी मांडवातली मंडळी येऊन अजिजीने म्हणाली, तेवढा तो माणूस काढा. मालकांनी माणूस काढला नाही. केरसुणीच्या हिरांची एक भलीदांडगी मिशी केली आणि जवानाला चिकटवली. त्या संध्याकाळी पोरं रांगेत उभी राहून त्याला सलाम ठोकत होती. एका मिशीत चार आणे उतरले, हे ते पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत राहिले, अगदी पोस्टमनलासुद्धा.

कुठलीही आकृती मांडवात जाण्याआधी तिची परीक्षा व्हायची. परीक्षक दोन. एक माझी मुलगी, जी त्याच चाळीत जन्मली आणि चालायला लागली तीच मागच्या खोलीच्या दिशेने. दुसरी, उत्तनहून रोज सकाळी टोपली घेऊन येणारी कोळीण. ती किरिस्तांव, गळ्यात क्रूस, आणि जीभ अशी की मालकही वचकून असायचे. टोपली पडवीत ठेवून ती आकृतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. एकदा एका मेणाच्या म्हातारीकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, “आमच्या देवलातली माय कवा हालत न्हाय. म्हून तिच्याम्होरं रडता येतं. ही हालते, आन आत कोन न्हाय. झाका हिला.” मालकांनी ते शब्द न शब्द कॅलेंडरमागे लिहून घेतले.

परवा माझ्या नातीने मोबाईलवर एक यंत्राची बाई दाखवली. परदेशातली, कातडी गुळगुळीत, हसते, पापण्या लववते, प्रश्नांना उत्तरं देते. नात म्हणाली, आजी, किती खरी वाटते ना, पण बघवत नाही, असं का गं? माझ्या मानेवर पन्नास वर्षांपूर्वीचाच तो काटा आला. मी म्हटलं, पंधरा आणे आहे. मग तिला बसवून सगळं सांगावं लागलं, आणि सांगताना मला इतका चेव चढला की दूध उतू गेलं.

एक व्यक्ती परीक्षक नव्हती, ती म्हणजे काकू. तिला काय विचारायचं, तिला सगळ्याची सवय आहे, असं मालक म्हणत. काकू दिवसभर बोलत असायच्या: कोणाच्या घरी काय झालं, विहिरीचं पाणी कसं मचूळ झालं, जावयाचं पत्र का नाही. मालक मान हलवायचे. मला समजावताना तासभर न थांबणारा हा माणूस बायकोसमोर बसला की नुसता बसलेला असायचा. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तेव्हा सगळ्याच घरांत तसं असायचं.

तर ते गौरींचं वर्ष. गणपतीपाठोपाठ गौर येते, तीन दिवसांची माहेरवाशीण. आमच्याकडे रत्नागिरीला तेरड्याच्या रोपांची जुडी म्हणजेच गौर, साडी नेसवली की झाली. मालकांकडे मात्र मुखवट्याची उभी गौर असायची, वाटोळ्या चेहऱ्याची, कानापर्यंत डोळे काढलेली. त्या वर्षी आषाढापासून मागच्या खोलीला कुलूप लागलं. मलाही आत मज्जाव. काकूंचं केसांचं जुनं गंगावन सापडेना, मग हिरवं लुगडं दिसेना, आणि त्यांनी त्यावरून एका बोहारणीला फैलावर घेतलं. चाळीच्या वाटेवरच्या एका शाळेतली मोडकी पेटी मालकांनी मागून आणली तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारपणी गाणं शिकणार.

गौर आली त्या संध्याकाळी आळीतल्या वीसेक बायका जमल्या होत्या. मालकांनी चादर ओढली, बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे गौरीकडे पाठ करून आमच्याकडे तोंड केलं.

गौर म्हणजे काकू होत्या. काकूंसारखी नाही, काकू. तेच रुंद कपाळ, हनुवटीवरचं गोंदण, कानाजवळ पिकलेली बट, ते हरवलेलं हिरवं लुगडं. छाती श्वासाने वरखाली होत होती, कारण आत त्या पेटीचा भाता होता. पापण्या लवत होत्या. उजवा हात उचलला गेला, मध्येच थांबला आणि बांगड्या मागे सारायला मनगट झटकलं गेलं, काकू कुठल्याही कामाला हात घालण्याआधी झटकायच्या अगदी तसं. मग कुंकवाचं बोट आमच्या कपाळाच्या उंचीला पुढे आलं आणि तिथे थांबून राहिलं. एकही बाई पुढे झाली नाही. माझी नजर मात्र हटत नव्हती. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, पुन्हाही पाहिलं नाही.

तेवढ्यात आतल्या दारातून आरतीचं ताट घेऊन काकू आल्या आणि नेमक्या गौरीच्या शेजारी उभ्या राहिल्या. वीस बायकांनी दोन्ही चेहरे एकदम पाहिले. माझी मुलगी, चार वर्षांची, माझा हात सोडून पुढे गेली आणि तिने खऱ्या काकूंच्या हाताला चिमटा काढून बघितला.

मालकांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होते फक्त आमचे चेहरे, उघडी तोंडं आणि ताठ माना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “सोळा आणे, बाई,” ते मला म्हणाले, “बघताय ना, सोळा आणे.” मग आम्ही सगळ्या कुठे बघतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते जन्मात पहिल्यांदा देखाव्याकडे वळले.

काकूंनी ताट खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता. “परवा हिची बोलवन करशाल,” त्या म्हणाल्या. “दहीभाताची शिदोरी बांदशाल, ववालशाल, पाठवून द्याल. माज्या तोंडाला. जिती हाय मी अजून.”

मालकांनी पापण्यांचा विचार केला होता, श्वासाचा केला होता, मनगटाच्या झटक्यावर दोन महिने घालवले होते. गौर तिसऱ्या दिवशी जाते, एवढं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. जिवंत सवाष्णीचा चेहरा देवीला देऊन तिची पाठवणी करायची, याहून अशुभ ते काय? ते काहीतरी पुटपुटले, तुझ्यासाठीच केलं, असं काहीसं. काकूंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधलं. जाताना आम्हा बायकांना सांगून गेल्या, ते तोंड घरात आहे तोवर मी या घरात नाही.

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पेच मोठा आहे. गौरीला तीन दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. आणि बोळवायचं तर कोणी? शेजारची म्हातारी, जी दरवर्षी ओवाळायला पुढे असायची, तिने कानाला हात लावले. जित्या बाईला मी शिदोरी बांधणार नाही, ती म्हणाली. एकही बाई तयार होईना. त्या दिवशी गौरीजेवण नाही, हळदीकुंकू नाही. मालक मोटर बंद करून गौरीसमोर बसलेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, “बाई, असं पुन्हा जमायचं नाही मला. वय झालं.”

मला राग आला. मालकांवर माझा जीव होता, पण राग आला. मी म्हटलं, ही पुन्हा जमणार नाही, कबूल, पण काकू परत नाही आल्या तर त्या पुन्हा कुठून जमवणार आहात?

तिसऱ्या दिवशी सकाळी कोळीण टोपली घेऊन आली तेव्हा मालक पटाशी घेऊन उभे होते. तिला म्हणाले, बस इथे आणि सांग. त्यांनी आधी गंगावन सोडवलं. कोळणीने मान हलवली, “अजून हाय ती.” छातीतला भाता काढला. “अजून हाय.” गोंदण पुसलं, गाल थापून वाटोळे केले, हनुवटी खरवडली, आणि दर वेळी ती तेच म्हणाली. दुपार टळत आली. बायका दारात जमून बघत होत्या, कोणी शिदोरीचा भात शिजत टाकला होता, कोणी नुसतीच देवाचा धावा करत होती. शेवटी उरले डोळे. मालकांनी पापण्या काढल्या, काचेचे डोळे काढले, खोबणी लगद्याने बुजवल्या. कुंचला हातात घेतला. मग त्यांनी एका दमात कानापर्यंत दोन लांबलचक मासोळी डोळे ओढले, माणसाला कधी नसतात असे.

माझी मुलगी पुढे झाली आणि गौरीचं बोट धरून म्हणाली, मला कुंकू लाव. कोळीण उठली, टोपली डोक्यावर घेतली. “गेली ती,” म्हणाली, “आता तुमची देवी हाय.” म्हातारीने ओवाळलं, शिदोरी बांधली आणि सूर्य मावळायच्या आत गौर गेली.

दुसऱ्या दिवशी मी मालकांबरोबर चेण्याला गेले. काशीमिऱ्यापर्यंत टांगा, पुढे एसटी. सबंध वाटेत ते बोलत होते. त्यांना म्हणे सगळं उमगलं होतं. “बाहुलीकडून आपण काही मागत नाही, बाई. माणसाकडून मागतो, नजर मागतो, शब्द मागतो. पंधरा आण्यांचं माणूस आपल्याला मागायला लावतं आणि देत काहीच नाही. म्हणून काटा येतो.” ते इतके हरखले होते की आपण कशासाठी चाललोय हेच विसरले की काय, अशी मला शंका आली.

काकू भावाच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मालकांनी गंगावन कागदात गुंडाळून आणलं होतं, ते पुढे ठेवलं. काकूंनी विचारलं, ती गेली? गेली, मालक म्हणाले, आणि तसेच उभ्या उभ्या आपला शोध सांगायला लागले. मागणं, नजर, शब्द, पंधरा आणे, सगळं. काकू निवडत होत्या. मालकांचं बोलून संपल्यावर काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

“तीस वरसं मी त्या घरात बोलतेय,” त्या म्हणाल्या. “तुमी समोर बसता, श्वास घेता, पापन्या हालवता. मी काय मागते ते कवा ऐकलंव? तुमी पन पंदरा आनेच.”

जन्मभर लोकांना भीती कुठे वाटली ते विचारणाऱ्या माणसाचा हात हळूच स्वतःच्या मानेवर गेला. ते कॅलेंडरच्या मागे लिहिण्यासारखं नव्हतं. काकू म्हणाल्या, मी येईन, पण माझ्या मनाने येईन, न्यायला येऊ नका.

आठ दिवस मालक उंबऱ्यावर बसून होते. मागची खोली उघडली नाही. नवव्या दिवशी दुपारी मी शाळेतून परतत होते आणि वाटेत काकू भेटल्या, डोक्यावर गाठोडं. आम्ही दोघी चाळीत शिरलो तसे मालक धडपडत उठले. गौर घरात आणताना दारात विचारतात, गौर आली, कशाच्या पावलांनी आली? आणणारी म्हणते, सोन्याच्या पावलांनी. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. दारात उभं राहून त्यांनी तेच विचारलं.

“माज्या,” काकू म्हणाल्या. “आन परत जाईन तवा पन माज्याच.”

मालकांनी मान हलवली नाही. “ये,” म्हणाले, आणि बाजूला होऊन विचारलं, “उन्हात चालत आलीस? टांगा नाही मिळाला?” काकू गाठोडं तसंच डोक्यावर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग, टांगेवाल्याने काय केलं, ते पहिल्यापासून सांगायला लागल्या.